डॉक्टरांनी न केलेली सही

डॉ. गुरुबसप्पा हंजगे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते माळावर उकिडवे बसले होते, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या आणि समोर एक मेलेली मेंढी होती. या गोष्टीला अठरा वर्षे झाली. मी कुर्डुवाडीची, रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या फिटरची मुलगी. वनरक्षक म्हणून सोलापुरात रुजू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. अंगावर कडक इस्त्रीचा खाकी गणवेश होता आणि प्रशिक्षणात पाठ केलेले सगळे जिभेवर होते. बिरूमामा नावाच्या धनगराच्या तीन मेंढ्या मेल्या होत्या, पाच जखमी होत्या. वन्यप्राण्याने जनावर मारले की आम्ही पंचनामा करतो, त्यावर पशुवैद्यांचे मत घेतो आणि मग मेंढपाळाला भरपाई मिळते. बिरूमामा म्हणाले लांडगा, भोवतीचे चार जण म्हणाले लांडगा, म्हणून मीही कागदावर 'लांडगा' लिहून मोकळी झाले होते.

डॉक्टर तेव्हा सरकारी पशुवैद्य होते, निवृत्तीला वर्षभर उरले होते. त्यांनी माझ्या कागदाकडे पाहिलेही नाही. मेंढीच्या मानेवरची लोकर कातरली, ब्लेडने कातडे सोडवले आणि मला हाक मारली. "इकडं ये, अव्वा. लांब उभं राहून काय दिसणार?" अव्वा म्हणजे कानडीत आई. त्यांच्या अक्कलकोटकडच्या घरात लेकीबाळींना अशीच हाक मारतात. मी जवळ गेले. मेंढीचा गळा साफ होता. फाटल्या होत्या त्या मागच्या मांड्या. "लांडगा पोटासाठी येतो. जमलं तर गळा धरतो, एखादं उचलून नेतो. हितं बघ, मागनं पळवून पळवून फाडलंय, खाल्लं तर कायच न्हाय. ही कुत्री हायत." हमरस्त्याच्या कडेला कोंबड्यांची घाण टाकतात. तिच्यावर पोसलेली मोकाट कुत्री त्या दिवसांत टोळीने माळावर हिंडत. आणि कुत्र्यांनी मारलेल्या मेंढीला भरपाई नव्हती.

बिरूमामांचा चेहरा उतरला. "डॉक्टर, तुमचं काय जातंय? ल्ह्या की लांडगा. त्येला काय वाचाय येतंय व्हय?"

खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते. डॉक्टर म्हणाले, "आज मी लांडगा लिहितो, मामा. उद्या समदी म्हणतील, लांडगं लई झालंत, आणि बिळात धूर घालतील. कुत्री मात्र परत येणारच की." एवढे बोलून त्यांनी दोऱ्याची सुई काढली आणि भर उन्हात त्या पाच जखमी मेंढ्यांना टाके घातले. नंतर आठ दिवस ते रोज मलमपट्टीला येत राहिले. त्या आठ दिवसांत बिरूमामा त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी न बोलताच चहाचा पेला पुढे केला आणि डॉक्टरांनी तो घेतला.

पुढे मला लांडगा जो काही कळला तो डॉक्टरांकडून. आमच्या सोलापूरच्या माळांना सरकारी कागदांत बऱ्याचदा 'पडीक' म्हणतात. कुसळाचे गवत, तरवड, हिवराची चार झुडपे, बाहेरच्या माणसाला त्यात काही दिसत नाही. डॉक्टरांना दिसते. लांडग्यांचे घर कसे चालते, मादी बिळात असली की नर आणि मागच्या वर्षीची पोरे तिला घास कशी आणून देतात, हे ते अशा थाटात सांगतात की शेजारच्या गल्लीतल्या कुटुंबाबद्दल बोलत असावेत. एकदा मी सभेत भाषण ठोकले की लांडगा हा माणसाचा मित्र आहे. खाली उतरल्यावर ते म्हणाले, "मित्र कशाला? शेजारी म्हण. शेजाऱ्याशी पटलंच पाहिजे असं काय न्हाय, पर त्याचं घर जाळायचं नसतं." ते वाक्य मी नंतर माझेच म्हणून पुष्कळ ठिकाणी वापरले.

निवृत्त झाल्यावर माणसे नातवंडे सांभाळतात, डॉक्टरांनी धनगरांची कुत्री धरली. कारण साधे होते. कळपावरची कुत्री आणि लांडगे एकाच डबक्याचे पाणी पितात, एकाच मढ्यावर तोंड घालतात. कुत्र्याचा रोग लांडग्याला लागतो. पिसाळलेला एक लांडगा वस्तीत शिरला, चार माणसांना चावला, की त्या माळावरचा एकही लांडगा लोक जिवंत ठेवत नाहीत. म्हणून दर हिवाळ्यात, दर रविवारी, जुन्या मोटारसायकलला बर्फाची पेटी बांधून डॉक्टर वाड्यावाड्यांवर जातात आणि कुत्र्यांना लस टोचतात. वाडा म्हणजे धनगरांचा मुक्काम. मागे बसतात त्यांच्या दवाखान्यातले जुने ड्रेसर, इस्माईलचाचा. कुत्रे धरायचे काम चाचांचे. एकदा चाचा धोतऱ्याच्या झुडपात आडवे आणि कुत्रे त्यांच्या विजारीला लोंबकळलेले, असे दृश्य होते. डॉक्टर ओरडले, "इस्माईल, धरलास का?" चाचा म्हणाले, "मैं नै पकड्या साब, कुत्ताच मेरेकू पकड्या." चाचांचे गुडघे गेल्यापासून कुत्री मी धरते. नोकरी लांडग्यांची आणि अंगावरचे सगळे चावे कुत्र्यांचे, असे माझे नशीब आहे.

लांडग्याचे बीळ कुठे आहे, हे डॉक्टर कोणाला सांगत नाहीत. धनगर त्यांना सांगतात आणि गोष्ट तिथेच थांबते. एकदा पुण्याहून मोठमोठे कॅमेरे घेऊन तिघेजण आले होते. डॉक्टरांनी त्यांना घरी बसवले. कमलाक्कांनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीने, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही असे पोटभर वाढले. डॉक्टर दोन तास लांडग्यांवर भरभरून बोलले. पाहुणे धन्य होऊन स्टेशनवर गेले. जागा काही कळली नाही, हे त्यांच्या लक्षात आले असेल ते गाडी कुर्डुवाडी ओलांडून गेल्यावर.

डॉक्टरांच्या मायेबद्दल लिहायचे तर त्यांच्या पंचाहत्तरीचा हा गौरवग्रंथ पुरायचा नाही. माझ्या वडिलांचे ऑपरेशन सोलापुरात झाले तेव्हा अकरा दिवस दुपारी चारच्या ठोक्याला डॉक्टर डबा घेऊन हजर असत. मी बाहेरची कामे उरकून येईपर्यंत ते वडिलांशी रेल्वेच्या वेळांवरून भांडत बसत. वडील वर्कशॉपमधले, त्यांचे ज्ञान इंजिनाचे. डॉक्टर वेळापत्रक पाठ असल्यासारखे बोलत आणि दर वेळी चुकत. वडिलांना औषधापेक्षा त्या भांडणाने जास्त बरे वाटले, असे आई अजून म्हणते. आपण मुद्दाम चुकत होतो, हे डॉक्टरांनी आजवर कबूल केलेले नाही.

या ग्रंथाच्या संपादकांनी मला पत्रात आवर्जून लिहिले आहे की 'पिल्लांची गोष्ट' यायलाच हवी. सोलापुरात ती गोष्ट माहीत नसलेला माणूस विरळा, आणि ती इतकी पसरली याला मीच कारणीभूत आहे. शाळांत सांगितली, कार्यशाळांत सांगितली, डॉक्टरांच्याच सत्कारांत दोनदा सांगितली. पण तिच्यात एक गोष्ट मी दर वेळी खोटी सांगत आले. ती डॉक्टरांना ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. आज ती जशी घडली तशी लिहिते.

माझ्या नोकरीचे सहावे वर्ष होते. थंडीचे दिवस, ज्वारी हुरड्यात आलेली. एका शेतमजुराचा सकाळी फोन आला की ओढ्याच्या काठच्या बिळात लांडग्याची दोन पिल्ले कालपासून एकटीच कुईकुई करत आहेत. मी गेले. शेजारच्या रानात आदल्या दिवशी जेसीबी चालला होता, बांध सरळ केलेला दिसत होता. मी अर्धा तास थांबले, मादी आली नाही. पिल्ले महिन्याभराची असतील, काळपट, छातीवर पांढरा ठिपका. एक गुटगुटीत, एक लहानखोर. मला भडभडून आले. टोमॅटोच्या क्रेटमध्ये माझा स्कार्फ अंथरला, दोन्ही पिल्ले उचलली आणि कार्यालयात घेऊन आले. पिशवीतले दूध पिचकारीने पाजले. कोणीतरी फोटो काढले. दुपारी दोनपर्यंत ते फोटो गावभर फिरले आणि माझा फोन वाजायचा थांबेना. अनाथ पिल्लांची आई, असे मला कोणी कोणी म्हणत होते. मी हरखून गेले होते.

तीन वाजता डॉक्टर आले. त्यांना रागावलेले मी एकदाच पाहिले, ते त्या दिवशी.

"कुटनं उचललीस? आईची वाट किती वेळ बघितलीस?"

"अर्धा तास, डॉक्टर."

"अर्धा तास. बाईमाणसाला घर बदलायला अर्धा तास पुरतो व्हय?"

मग त्यांनी काय घडले ते सांगितले. जेसीबीच्या आवाजाने मादी बिथरली होती आणि पिल्ले एकेक करून तोंडात धरून दुसऱ्या बिळात नेत होती. बाकीची नेऊन झाली असावीत. ही दोघे आपली पाळी यायची वाट बघत बसली होती. मी अनाथ पिल्ले वाचवली नव्हती, आई असलेली पिल्ले पळवून आणली होती. वरून दुधाने त्यांना हगवण लागली होती. लहानखोर पिल्लू मान टाकायला लागले होते. डॉक्टरांनी ते पुसले, सुईने त्याच्या कातड्याखाली थोडे सलाईन दिले आणि म्हणाले, "दिवस मावळायच्या आत परत ठेवायची. ती आज येईल, उद्याचं सांगता येत न्हाय." माणसाचा वास लागल्याने आई त्यांना टाकणार तर नाही ना, असे मी विचारले. "वासानं टाकत न्हाय. भ्याली तर टाकती."

आणि भिण्यासारखे तिथे होते. बिळापासून हाकेच्या अंतरावर, तूर काढलेल्या रानात, एक कळप बसायला आला होता. आमच्याकडे शेतकरी धनगराला मेंढ्या रानात बसवायला सांगतो. रात्रभर बसलेल्या मेंढ्यांचे खत रानाला मिळते आणि धनगराला त्याबद्दल धान्य. कळप बिरूमामांचा होता. चार कुत्री मोकळी हिंडत होती. ती मोकळी असती तर मादी फिरकली नसती, किंवा कुत्र्यांनीच पिल्लांचा फडशा पाडला असता. आणि आठच दिवसांपूर्वी बिरूमामांचे एक कोकरू खरोखरच लांडग्याने नेले होते.

डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता मागितले. कुत्री बांधा, मेंढ्या रानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात घ्या.

"कुत्री बांदू? आन् लांडग्याची पोरं जगवू?" बिरूमामा त्यांच्याकडे बघतच राहिले. "डॉक्टर, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? माजी नऊ कोकरं हायती हितं."

"तुमचं कोकरू जाईलबी, मामा. जाणार न्हाय असं मी सांगत न्हाय."

मी डॉक्टरांच्या जागी असते तर शंभर आश्वासने दिली असती. बिरूमामांच्या घरच्या मालकीणबाई पलीकडे भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला. मग बिरूमामा उठले आणि दावे शोधायला लागले. "तवा भरपाईलाबी तोंडावर न्हाय म्हनलासा," ते पाठमोरे बोलले. "दुसरा कोन असता तर कोकराला काय हुत न्हाय म्हनून गोड बोलून गेला असता." तीन कुत्री त्यांनी बांधली. चौथे बांधून घेईना, तर त्याला मांडीशी दाबून ते स्वतः बसून राहिले.

आम्ही पिल्ले बिळाच्या तोंडाशी ठेवली आणि तीनशे पावलांवर हिवराच्या आडोशाला बसलो. ऊन कलले होते. सूर्य ज्वारीला टेकायच्या सुमारास बांधावर मादी दिसली. उभी राहिली, वास घेतला, परत गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा सरळ खाली उतरली, गुटगुटीत पिल्लू मानगुटीला धरले आणि बांध ओलांडून दुडक्या चालीने निघून गेली. मी रडत होते. डॉक्टरांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि आम्ही दुसऱ्या फेरीची वाट बघत बसलो. लहानखोर पिल्लू अधूनमधून ओरडत होते. अंधारून येऊ लागले, दुर्बिणीतून काही दिसेना. डॉक्टर हळूच म्हणाले, "चल. आपण बसलो तर ती यायची न्हाय."

सकाळी जागा रिकामी होती. जमीन मुरमाड, ठसा उमटेना. डॉक्टर तासभर गुडघ्यावर बसून शोधत होते. मादीने नेले असेल, कोल्ह्याने नेले असेल. बिरूमामांचे एकही कोकरू गेले नव्हते, त्यांनी तेवढे सांगितले आणि पिल्लांचे काय झाले म्हणून विचारले. "एक गेलं आईकडं. दुसऱ्याचं माहीत न्हाय," डॉक्टर म्हणाले. बिरूमामांनी मान हलवली.

मी मात्र कार्यालयात येऊन लिहिले, 'दोन्ही पिल्ले मादीने सुरक्षितपणे नेली.' मला कोणी तसे लिहायला सांगितले नव्हते. सगळे गाव विचारत होते. एक पिल्लू हरवले म्हटले असते तर पुढचा प्रश्न आला असता, ते बिळातून काढले कोणी? माझे नाव, माझी बढती, कालपासून मिळालेले कौतुक, सगळे त्या एका शब्दावर होते. साक्षीदार म्हणून डॉक्टरांची सही हवी होती. त्यांनी चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि पेन टेबलावर ठेवले.

"मी एकच बघितलं की, अव्वा."

"डॉक्टर, जागा रिकामी होती. नेलंच असणार तिने."

"असणार. आपण बघितलं न्हाय पर."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, पाणी प्यायले आणि गेले. मी दुसऱ्या एकाची सही घेतली. महिन्याभराने मला प्रशस्तिपत्र मिळाले. डॉक्टर समारंभाला आले होते, मागच्या रांगेत बसले होते. चिवडा खाऊन झाल्यावर मला म्हणाले, "रविवारी ये, चौदा कुत्री हायत."

त्यानंतर बारा वर्षांत त्यांनी तो विषय काढलेला नाही. मला तोडले नाही, टोमणा मारला नाही, कोणाजवळ बोलले नाहीत. कमलाक्कांनाही सांगितले नाही, हे मला एकदा कळले. अक्का पाहुण्यांना कौतुकाने माझी गोष्ट सांगत होत्या, "दोन्ही पिल्लं आईकडं पोचवली हिनं." डॉक्टर उठले आणि सगळ्यांसाठी पाणी आणायला आत गेले. होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी माझा पेला न पिता तसाच ठेवला. ते ओरडले असते तर मी भांडले असते, आणि भांडून मोकळी झाले असते. त्यांनी ते खोटे माझ्याजवळच राहू दिले.

आता मी वनपाल आहे, माझ्या हाताखाली नवी मुले-मुली वनरक्षक म्हणून येतात. मागच्या हिवाळ्यात त्यांतल्या एकीने मला फोन केला. बिळात पिल्ले एकटी दिसली, उचलू का? मी म्हटले, हात लावू नकोस, लांब जाऊन बस, दिवसभर बस. ती म्हणाली, "पण मॅडम, तुम्ही तर दोन्ही उचलून आणली होती आणि दोन्ही परत गेली होती. उचलून काही बिघडत नाही ना?" माझी खोटी गोष्ट माझ्याच तोंडावर आली. ती मुलगी त्या दिवशी थांबली म्हणून बरे. कितीजणांनी ही गोष्ट ऐकून पिल्ले उचलली असतील, हे मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही.

म्हणून डॉक्टर, तुमच्या पंचाहत्तरीला मी शाल आणलेली नाही. शाली तुमच्याकडे ढीगभर आहेत आणि त्या कुत्र्यांच्या पिल्लांखाली अंथरल्या जातात, हे अक्कांनी मला सांगितले आहे. मी जुन्या अहवालाला जोडायचा एक नवा कागद तयार केला आहे. त्यात लिहिले आहे की पिल्ले मी चुकून उचलली, एक मादीने नेताना आम्ही दोघांनी पाहिले, दुसऱ्याचे काय झाले ते माहीत नाही. प्रशस्तिपत्र त्याच पाकिटात घातले आहे. कार्यालयात काय होईल ते होवो, सोमवारी मी ते देणार आहे.

तुमचे गुडघे चालते राहोत, नजर अशीच लांबवर पोचो, आणि शंभरी गाठेपर्यंत बर्फाची पेटी मोटारसायकलवरच असो. तुमच्याआधी तुमची मोटारसायकल थकली तर मी माझी देईन. रविवारी सकाळी तो कागद घेऊन तुमच्याकडे येते. माझी सही झाली आहे, खाली तुमच्यासाठी जागा सोडली आहे. तुम्ही मात्र आधी पूर्ण वाचून घ्या.